विहीणबाईंची हट्टी

१४ जून

विहीणबाईंना नमस्कार,

परवा फोनवर आपण दोघी एकदम बोलत होतो, त्यामुळे मला तुमचं काही कळलं नाही आणि तुम्हाला माझं. तुम्ही "पोतं पोचलं का" विचारत होतात आणि मी "हो, पोरगी सुखरूप पोचली" असं सांगत होते, हे सूनबाईंनी नंतर उलगडून सांगितलं. लग्न ठरवतानाही आपलं हेच झालं होतं. तुम्ही सकाळ म्हणालात, मी संध्याकाळ ऐकलं, आणि तो फोटोवाला दोन्ही वेळेला येऊन जेवून गेला. तेव्हा आता पत्रच बरं. पत्रात एकीनं बोलायचं असतं आणि दुसरीला गप्प बसून ऐकावंच लागतं.

तर पोतंही पोचलं आणि पोरगीही पोचली. बियाण्याचं पोतं आमच्या संस्थेच्या कीटकघरात आहे, पोरगी घरी खाली पुढच्या खोलीत लोकांचे दात उपटते आहे. दवाखाना सुरू झाल्यापासून माझ्या ओसरीवरच्या बाकावर रोज गाल धरून बसलेली माणसं असतात. काल एका आजोबांनी मला विचारलं, "तुम्ही काय करता?" मी म्हटलं, "किडे पाळते." त्यांनी गालावरचा हात काढला.

मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. भाताच्या खोडात शिरणारी एक अळी असते. ती आत बसून खोड पोखरते, मधला पोंगा, म्हणजे कोवळ्या पानांची सुरळी, वाळून जातो, आणि लोंबी आलीच तर ती पांढरीफटक, दाणा एक नाही. एकदा आत शिरली की बाहेरून कितीही औषध मारा, ती आपली मजेत. म्हणून भाताच्या अशा जाती शोधायच्या ज्या तिला मुळात दाद देत नाहीत. आणि दाद देतात की नाही हे कळायला आधी अळ्या हव्यात, चांगल्या खात्यापित्या, धडधाकट. त्या मी वाढवते. आजोबा म्हणाले, "म्हणजे तुम्ही चोर पाळता, कुलपं तपासायला." मला इतक्या वर्षांत हे असं सांगायला सुचलं नव्हतं.

आता कामाचं. तुमच्या केंद्रातून आलेल्या पिशव्यांवर नुसते आकडे आहेत. त्यातली तुम्ही काढलेली जात कोणती हे मला ठाऊक नाही, आणि ते तसंच राहू द्या. आपण विहिणी आहोत हे इथे सगळ्यांना माहीत आहे. उद्या तुमची जात पास झाली तरी लोक बोलणार, नापास झाली तर जास्तच बोलणार.

एक विचारायचं होतं. सूनबाई किड्यांना फार घाबरते का? मागे एकदा माझ्या पिशवीतून एक पतंग निघाला तर ती खुर्चीवर चढली. तेव्हापासून मी घरी येताना पदर, पिशवी, चप्पल, सगळं झटकून येते.

तुमची,
किडेवाली विहीण


२५ जून

सौ. विहीणबाई यांस,

पत्र मिळाले. तुमचे अक्षर वाचायला केंद्रातल्या दोघांची मदत घेतली. राग नसावा.

लेक किड्यांना लहानपणापासून घाबरते. झुरळ दिसले की ती हाक मारत असे आणि तिचे वडील हाकेला ओ देऊन दुसऱ्या खोलीत जात असत. झुरळ मीच मारायचे. तुम्ही झटकून येता हे उत्तम. असेच चालू ठेवा.

माझी जात कोणती हे मी सांगणार नाही. तसे विचारणेही गैर आणि सांगणेही गैर. फक्त तुम्हाला एवढे कळावे की ही माझी शेवटची जात आहे. वर्षअखेर मी निवृत्त होते. आजवर मी काढलेल्या जाती उत्पन्नाला चांगल्या निघाल्या, पण खोडकिड्यापुढे सगळ्या लोटांगण घालतात. ही एकच तशी नाही. एका रानटी वाटणाऱ्या जुन्या भाताशी संकर केला, आणि दर हंगामात जी रोपं उभी राहिली तेवढीच पुढे नेली. आम्ही तिला "हट्टी" म्हणतो. हिच्या पानाचा खालचा भाग खोडाला घट्ट लपेटलेला असतो, लहान मुलाला थंडीत गुंडाळावे तसा. अळीला आत शिरायला फटच मिळत नाही, असे माझे मत आहे. मत म्हणजे खात्रीच. या विषयावर मी बऱ्याच ठिकाणी भाषणे दिली आहेत.

निवृत्तीच्या आधी वाण मंजूर करणाऱ्या समितीपुढे ती मांडायची आहे. तुमच्या चाचणीशिवाय समिती हात लावणार नाही.

बाकी ठीक. रोपं वर आली की दिसायलाही देखणी असतात. बुंधा जांभळट असतो.

आपली,
विहीण

ता. क. लेक फोनवर दमलेली वाटते. तिला काही होत नाही ना?


५ जुलै

विहीणबाई!

जांभळट बुंधा! अहो, इतकं सगळं नियमानं लिहिलंत आणि शेवटच्या ओळीत कोंबडं टोपलीखालून आरवलं. सगळ्या रोपांत एकाच नंबरचा बुंधा जांभळा आहे. आता माझं डोकं तिथून हलेना. पाणी घालताना झारीसुद्धा तिच्याकडे जरा जास्त वाकते की काय अशी मलाच शंका यायला लागली.

म्हणून एक केलं. मोजणी माझ्याकडून काढून बगळ्याकडे दिली. बगळा म्हणजे आमचे सहकारी. उंच, बारीक, आणि चिखलात एका पायावर तासन्‌तास उभे राहू शकतात. त्यांना ना आपल्या नात्याशी देणंघेणं, ना माझ्याशी सोयरसुतक. त्यांच्या स्वतःच्या लग्नातही ते वेळेवर आले म्हणून लोक आश्चर्य करत होते, इतके ते कुणाचे नाहीत.

माझ्याकडे राहिलं अळ्यांचं. दिव्यापाशी संध्याकाळी या अळीचे पतंग येतात, त्यातल्या माद्या वेचून जाळीत सोडते. त्या पानाच्या टोकाला अंडी घालतात आणि वर स्वतःच्या अंगावरची लव पांघरतात. आईपण सगळीकडे सारखंच! अंडी फुटली की केसाएवढ्या अळ्या निघतात, त्या मऊ कुंचल्यानं उचलून एकेका रोपावर ठेवायच्या. ठेवलेली तिथेच राहील तर ती अळी कसली. रेशमाचा धागा सोडून लोंबकळत शेजारच्या रोपावर निघाली. मी म्हणते, बाई, तुझं ताट हे, दुसऱ्याच्या पानात कशाला बघतेस?

तुमच्या लेकीला काही होत नाही. दुपारी दवाखाना बंद करून कुठेतरी जाते आणि उशिरा परत येते, म्हणून दमत असेल. कुठे जाते विचारलं तर "अशीच" म्हणते. आमचे चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करणारे, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या लिफ्टमध्ये अडकलेले, त्यांना काही पत्ता नाही. नवीन सून आहे, मी खोदून विचारत नाही. तुम्हीही विचारू नका.

तुमची,
किडेवाली


२ ऑगस्ट

प्रिय विहीणबाई,

आज नियम बाजूला ठेवते.

आमचा बियाण्याचा गाडीवाला काल तुमच्याकडून परत आला. तो म्हणाला, "बाई, तुमची जांभळी एकदम हिरवीगार उभी आहे. एक पोंगा वाळलेला नाही." मी त्याला तीन वेळा विचारले. तिन्ही वेळा त्याने तेच सांगितले.

मी संचालकांना सांगितले. त्यांनी सगळ्या केंद्राला सांगितले. सगळ्यांना चहा झाला. ज्या संचालकांनी गेल्या वर्षी "आता पुरे करा की" असे सुचवले होते, त्यांनी स्वतःच्या हाताने मला कप दिला. फोटो काढला आहे. मी फोटोत हसते आहे असे सगळे म्हणतात. मला ते ओळखू आले नाही.

समितीला पत्र पाठवून दिले. नोव्हेंबरच्या बैठकीत हट्टीचे नाव लागले. तुमचा अहवाल सवडीने पाठवा, घाई नाही.

लेकीलाही कळवले. ती "अरे वा" म्हणाली आणि तिने लगेच फोन ठेवला. मला वाटते आनंदाने.

तुमची,
भातवाली विहीण


८ ऑगस्ट

विहीणबाई,

हे पत्र चार वेळा लिहून फाडलं. शेवटी ठरवलं, सरळच सांगावं.

हट्टी हिरवीगार उभी आहे हे खरं. पण तिच्या शेजारी आम्ही मुद्दाम एक नाजूक जात लावतो. तिला खोडकिडा लागतोच लागतो, ती वाळलीच पाहिजे. ती वाळली तर परीक्षा खरी. या वेळी तीही हिरवीगार आहे. सगळ्या रांगा हिरव्यागार आहेत. नापास व्हायलाच बसवलेला मुलगा पहिला आला तर मास्तरांनी आनंद करायचा की पेपर तपासायचे?

बगळे सकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, "तुमच्या अळ्या कुठे आहेत?"

मी म्हटलं, "खोडात."

"नाहीत."

आम्ही दोघांनी एकेक खोड चिरून पाहिलं. रिकामं. मग सापडलं. आम्ही रोपांच्या कुंड्या ज्या टेबलांवर ठेवतो, त्यांचे पाय पाण्याच्या वाट्यांत असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. सगळ्याच वाट्या कोरड्या पडल्या होत्या. मुंग्या चढल्या आणि माझी कोवळी पिल्लं रोपावर पाय ठेवताहेत न ठेवताहेत तोच उचलून घेऊन गेल्या. मी इतकं जपून वाढवलं ते मुंग्यांच्या पंगतीसाठी.

चाचणी रद्द. बगळ्यांनी तसं लिहिलं आणि मी खाली सही केली. दुसऱ्या लावणीची रोपं तयार आहेत, पुन्हा अळ्या सोडते. तुम्हाला किती लागलं असेल ते मला कळतं. चहाचं वाचून तर मी माझा कप तसाच खाली ठेवला.

तुमची,
विहीण


१४ ऑगस्ट

महोदया,

आपले दिनांक ८ चे पत्र मिळाले. चाचणी रद्द झाल्याची नोंद घेतली.

समितीला पाठवलेले पत्र मी मागे घेतलेले नाही. संचालकांना कळवले आहे. ते म्हणाले, "असं होतं." ते तसे म्हणाले नसते तर बरे झाले असते.

माझी जात उभी राहिली की चाचणी रद्द होते, हा योगायोग आहे असे मी धरून चालते.

कळावे.


२० ऑगस्ट

विहीणबाई,

"महोदया" वाचून मी मागे वळून पाहिलं, कुणी मोठी बाई आली की काय.

मला ते शेवटचं वाक्य लागलं. लागावं म्हणूनच लिहिलंत, तेव्हा पोचलं म्हणून कळवते. आता माझं ऐका. तुमची जात मी पास करून पाठवली असती, तर पुढच्या वर्षी ती कुणाच्या तरी शेतात गेली असती. तिथे मुंग्या नसत्या. तिथे पांढऱ्या लोंब्या आल्या असत्या आणि लोकांनी तुमचं नाव घेतलं असतं. मला माझ्या विहिणीचं नाव तसं घेतलेलं चालणार नाही. बस. यावर आता मी बोलणार नाही आणि तुम्हीही लिहू नका.

वाट्यांत पाणी आता मी स्वतः भरते. अळ्या सोडल्या.

तुमची लेक दुपारी कुठे जाते ते कळलं! काल मी जेवणाची सुट्टी अर्धी टाकून कीटकघरात परत आले, तर बाईसाहेब जाळीच्या बाहेर स्टुलावर बसून आत बघताहेत. मी म्हटलं, "अगं, तू? इथे?"

ती दचकली आणि म्हणाली, "आई, मी रोज थोडी थोडी जवळ येते आहे. आधी फाटकापर्यंत आले. मग दारापर्यंत. तुम्ही घरी येताना चपला झटकता ना, ते मला बरं नाही वाटत. म्हटलं, आपण ज्या घरात आलोय तिथल्या माणसाचं अख्खं आयुष्य ज्यात गेलं त्याला घाबरून कसं चालेल?"

मी तिला डबीतली एक अळी दाखवली. ती डोळे मिटून म्हणाली, "बघते." मग एक डोळा उघडला.

अशी लेक वाढवणाऱ्या बाईशी मी भांडू शकत नाही. तुम्हाला भांडायचं तर एकटीनं भांडा.

आणि हो, तुमच्या हातांवर गेल्या भेटीत ओरखडे होते. तुम्ही मांजर म्हणालात. लेक म्हणते घरात मांजर नाही.

तुमची,
विहीण


१ सप्टेंबर

विहीणबाई,

तुमचे पत्र लगेच वाचले. उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावे ते ठरत नव्हते.

ते वाक्य मी मागे घेते. समितीला पाठवलेले पत्र मात्र तसेच आहे.

लेक लहान असताना झुरळ मी मारले नसते आणि तिला दाखवले असते, तर कदाचित बरे झाले असते. हे मला कधी सुचले नाही.

मांजर शेजाऱ्यांची आहे.

तुमची,
विहीण


२२ सप्टेंबर

विहीणबाई,

बसून वाचा. वाईट नाही, पण बसून वाचा.

या वेळी नाजूक जात छान वाळली. (आमच्या धंद्यात असंच बोलतात.) अळ्या खोडात होत्या, मुंग्या नव्हत्या, बगळ्यांनी मोजणी केली. हट्टी मधल्या नंबरावर आली. नाजूक जातीपेक्षा पुष्कळ बरी, पण जिच्याकडे आम्ही मजबूत म्हणून बोट दाखवतो तिच्या खालीच. तिचे काही पोंगे वाळले. आणि घट्ट लपेटलेल्या पानाचं म्हणाल, तर अळ्या त्यातून खुशाल आत गेल्या होत्या. फट त्यांनी स्वतःच पाडून घेतली.

इथपर्यंत वाचून तुम्ही कागद खाली ठेवला असेल. उचला. अजून आहे.

हट्टीची खोडं चिरली तेव्हा आतल्या अळ्या पाहून मी बगळ्यांना हाक मारली. शेजारच्या रोपांतल्या अळ्या गुबगुबीत, आणि हट्टीतल्या काटकुळ्या, अर्ध्या लांबीच्या. काही तर आत जाऊन तशाच मेलेल्या. दोघंही बघत राहिलो. रोगट म्हणावं तर रोगाची खूण नाही. उपाशी म्हणावं तर सगळ्या अन्नातच बसलेल्या.

तुमची लेक तिथेच होती. हल्ली ती आत येते, हात मागे बांधून का होईना. ती म्हणाली, "मी बघू का?" मी सूक्ष्मदर्शक तिच्याकडे सरकवला. ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही. मला वाटलं चक्कर येते की काय.

मग तशीच वाकलेल्या अवस्थेत म्हणाली, "आई, हिला चावता येत नाहीये."

"म्हणजे?"

"जबड्याला दाते असतात ना, ते झिजून सपाट झालेत. ही दुसरी बघा, शेजारच्या रोपातली. हिचे करवतीसारखे आहेत. असे झिजलेले दात घेऊन माझ्याकडे जे येतात, त्यांना मी आधी विचारते, तुम्ही कडक काय चावता?"

बगळे म्हणाले, "असे दात घेऊन येतात लोक?" ती म्हणाली, "रोजच." आणि आम्ही तिघंही एकदम तुमच्या हट्टीकडे बघायला लागलो.

आता माझं. हट्टीची खोडं मागच्या वेळी बगळ्यांच्या वाट्याला होती, या वेळी मी ती उघड्या हातांनी चिरली. संध्याकाळी हात धुताना चरचरलं. पाहते तर मनगटापासून कोपरापर्यंत ओरखडे. विहीणबाई, तुमच्या शेजाऱ्यांची मांजर माझ्याकडेही आलेली दिसते.

पान उलट्या दिशेनं बोटानं पाहिलं, कानसच आहे नुसती. हे तुम्हाला माहीत होतं. सांगा आता.

तुमची,
किडेवाली


२९ सप्टेंबर

विहीणबाई,

मांजर नाही. शेजारीही मांजर नाही.

हट्टीची पाने पहिल्यापासून खरखरीत आहेत. कापणीला येणाऱ्या बायका तिच्या वाफ्यात शिरायच्या आधी हातांवर जुन्या बाह्या चढवून येतात आणि मला चार शब्द सुनावतात. गोठ्यात पेंढा टाकला तर गाय वास घेते आणि माझ्याकडे बघते. ते बघणे मी विसरू शकत नाही. मला वाटत होते की हा दोष आहे, आणि दोन-तीन हंगामांत निवडीने काढून टाकता येईल. काढता येईना. जी रोपे मऊ निघत ती खोडकिड्याला बळी पडत, आणि मी ती फेकून देत असे. खरखरीत तेवढी उरत. हे मी माझ्या डोळ्यांनी दरवर्षी पाहिले, आणि तरीही घट्ट पानावर भाषणे देत राहिले. आता विचार केला की हसू येते. पहिल्या दिवशी आले नाही. आज येते आहे.

इथल्या मातीच्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे खोडे दिली. त्या म्हणाल्या, इतर जातींपेक्षा हिच्या खोडात वाळूचा अंश कितीतरी जास्त आहे. वाळू म्हणजे काच ज्याची करतात तेच. मुळांनी जमिनीतून उचलून ही बया ते खोडात साठवते. तुमच्या अळ्या काच खात होत्या.

म्हणजे माझी जात बरोबर आणि मी चूक. शंभरदा उलटे झाले आहे, जात चूक आणि मी बरोबर. हे नवीन आहे.

समितीपुढे गाय आणि ओरखडे दोन्ही सांगणार आहे. संचालक म्हणतात, "विचारलं तरच सांगा." मी त्यांना म्हटले, मला माझ्या विहिणीला पत्र लिहावे लागते.

लेकीला म्हणावे, जबड्यांची चित्रे काढून पाठव. स्वच्छ काढ. तुझ्या सासूसारखी नको.

तुमची,
भातवाली


७ नोव्हेंबर

विहीणबाई,

बैठक झाली. क्रमाने सांगते.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, सात माणसे. मी हट्टीचे उत्पन्न सांगितले, माना हलल्या. तुमची मोजणी सांगितली, माना जरा कमी हलल्या. मग जबड्यांची चित्रे पडद्यावर दाखवली आणि सगळे पुढे वाकले. अध्यक्षांनी चष्मा पुसला. "हे कुणी शोधलं?" मी म्हटले, "माझ्या मुलीने. ती दंतवैद्य आहे." एकजण हसला, त्याला वाटले मी विनोद केला.

मग मी गायीचे सांगितले.

कोपऱ्यातले एक जाडसर गृहस्थ होते, तोवर बोलले नव्हते. ते म्हणाले, "बाई, दाणा माणसाला आणि पेंढा जनावराला. जनावर तोंड लावत नसेल तर हे भात अर्धंच झालं."

मी म्हटले, "बरोबर आहे."

त्यांना वाद हवा होता बहुधा. ते गडबडले. "मग तुम्ही आणलं कशाला आमच्याकडे?"

"कारण आतापर्यंत आपण खोडकिड्याला दाद न देणारी जात शोधताना नशिबावर सोडून शोधत होतो. आता काय शोधायचं ते कळलं. किती वाळू असली म्हणजे अळीचे दात झिजतात आणि गायीचे झिजत नाहीत, ते मधलं ठिकाण शोधायचं आहे. ते मी शोधायला आता इथे नसेन. कुणीतरी शोधा."

मग आपापसात बोलले. निकाल असा: वाण म्हणून हट्टी शेतात जाणार नाही. संकरासाठी आई म्हणून मात्र तिला घेतले. यापुढे देशात जिथे जिथे या कामासाठी संकर होईल, तिथे तिचे बी जाईल.

बाहेर आले तेव्हा मला वाटले होते की रडू येईल. उलट भूक लागली. कँटीनमध्ये बसून दोन माणसांचे जेवले. ते जाडसर गृहस्थ समोर येऊन बसले आणि म्हणाले, "आमच्या वडिलांच्या गोठ्यातली एक गाय काहीही खायची. वहाणसुद्धा." आम्ही बराच वेळ गायींवर बोललो.

इथे अजून कोणी नेमलेले नाही, त्यामुळे पहिले संकर तुम्हीच करून जा, असे संचालक म्हणतात. उन्हाळी भात मार्चमध्ये फुलेल. निवृत्त झाले तरी मी येणार. हात अजून कापत नाहीत.

तुम्ही कधी भात फुललेले पाहिले आहे का? तुम्ही मागे म्हणाला होतात की तुमच्याकडे रोपे पोंग्यातच संपतात. या. लेकीला घेऊन या. अळ्या आणू नका.

तुमची,
विहीण


३ एप्रिल

अगं,

पोचलो सुखरूप. तुझ्या लेकीनं बसमध्ये पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोप काढली, तेव्हा माझा खांदा अजून तिचाच आहे. जागी झाल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "तुम्ही दोघी एकमेकींना अगं-तुगं कधीपासून करायला लागलात?" मला सांगता येईना. बहुतेक बांधावरून मी चिखलात बसले आणि तू "उठ गं बये, वाफा मोडेल" म्हणून ओरडलीस तेव्हापासून. मी मोडेन याची काळजी नव्हती, वाफ्याची होती!

पण खरं सांगते, ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. ऊन जरा वर आलं आणि सगळ्या लोंब्यांनी एकदम तोंडं उघडली. मी वाकून पाहत होते तर तू म्हणालीस, "श्वास आवर, पराग उडेल." इतकंसं फूल! तुसाएवढं. आणि चहा निवायच्या आत मिटायलाही लागलं. तू चिमट्यानं एकेक फूल उघडून पराग काढत होतीस आणि जीभ दातांत धरली होतीस, अगदी तुझी लेक दाढ काढताना धरते तशी. मग हट्टीवर तू त्या मऊ पेंढ्याच्या जातीची लोंबी झटकलीस, कागदाची पिशवी चढवलीस, आणि तिच्याशी काहीतरी पुटपुटलीस. काय म्हणालीस ते मी विचारलं नाही. मीही माझ्या अळ्यांशी बोलते, आणि ते कुणी विचारलेलं मला आवडत नाही.

माझी सगळी नोकरी भातात गेली, आणि भाताचं फूल मी या वयात पाहिलं. मला भात म्हणजे अळ्यांचं ताट. पोंगा वाळला की नाही एवढंच बघायचं. आज सकाळी कीटकघरात गेले. नवीन रोपं आली आहेत, कुठल्या तरी लांबच्या केंद्राची. अंडी कालच फुटलेली. कुंचला घेतला, पहिली अळी उचलली, आणि पहिल्यांदाच हात थांबला. त्या रोपाकडे बघत म्हटलं, बाई गं, तुझ्या पोटातही ते फूल असणार.

बगळे समोरून म्हणाले, "काय झालं?"

"काही नाही," म्हटलं, आणि ठेवली अळी. अगदी पोंग्याच्या तोंडाशी, जिथून तिला आत जायला सगळ्यात सोपं, आणि रोपाला सगळ्यात कठीण. मग दुसरी ठेवली. सोप्या परीक्षेला बसवून कुणाच्या लेकीचं भलं झालंय?

तुझी